कंसातले कस्तुरे

संक्रांतीला चार दिवस उरले असताना मधुसूदनराव कस्तुरे यांना फोनवर कळले की, आपली आई आणि आपली बायको या दोघी एकच आहेत.

फोन पुण्याहून रूपाचा होता. "सर, बसलात का?" तिने आधी विचारून घेतले.

"बसलोय. बोल."

"लीलाए आणि उमाए एकच निघाल्या. शंभर टक्के जुळतंय."

मधुसूदनरावांनी स्वयंपाकघराकडे पाहिले. उमाताई तीळ भाजत होत्या. ते उठले, गॅलरीत गेले, दार ओढून घेतले आणि तोंडाशी हात धरून म्हणाले, "हळू बोल." खरे तर रूपा सव्वादोनशे किलोमीटरवरून बोलत होती आणि तिचा आवाज कानाबाहेर येत नव्हता. पण घाबरलेल्या माणसाला एवढे अंतर पुरत नाही.

आता ही भानगड नीट सांगायला हवी. मधुसूदनराव औरंगाबादच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. त्यांचा जन्म गेला लाल शेवाळात, आणि तेही गोड्या पाण्यातल्या. या लाल शेवाळाची पहिली अडचण अशी की ते लाल नसते. समुद्रातले त्याचे भाऊबंद चांगले लालभडक असतात. आपल्याकडचे हे हिरवट, करडे, निळसर, काय वाटेल ते असते आणि वाळवून कागदावर चिकटवले की मग कुठे जांभळट होते. "मग याला लाल का म्हणायचं?" या प्रश्नाचे उत्तर देण्यात त्यांची अर्धी नोकरी संपली होती. उरलेली अर्धी ते शेवाळ शोधण्यात संपली.

१९७९ साली करमाडजवळच्या एका बारवेत, पायऱ्यांच्या सावलीतल्या दगडांवर, त्यांना मखमलीसारखे बारीक शेवाळ सापडले. नवीन जात होती. त्यांनी तिला आईचे, म्हणजे लीलाबाईंचे नाव दिले. लॅटिनच्या चालीने 'लीलाए' झाले. लीलाबाईंनी ते ऐकून विचारले, "माझं नाव शेवाळाला? एवढी निसरडी वाटले का रे मी तुला?" पण नंतर शेजारीपाजारी सांगत सुटल्या.

८१ साली लग्न झाले. प्राध्यापकाचा पगार तेव्हा असा होता की महाबळेश्वर काय, जवळच्या म्हैसमाळलाही जाणे झाले नाही. ८२ च्या जानेवारीत त्याच बारवेत, तळाजवळ जिथे झऱ्याचे पाणी वाहत होते तिथे, त्यांना दुसरे शेवाळ दिसले. लांब, बुळबुळीत धागे आणि त्यांत ओवल्यासारखे मणी. नवऱ्याने नव्या नवरीला द्यावे असे त्यांच्याजवळ दुसरे काही नव्हते. त्यांनी त्याला 'उमाए' नाव दिले. शेवाळाच्या नावात दोन शब्द असतात, पहिला घराण्याचा आणि दुसरा स्वतःचा. लीलाबाईंचे शेवाळ त्यांनी वेगळ्याच घराण्यात घातले होते, उमाताईंचे बॅट्राकोस्पर्मम घराण्यातले निघाले. त्या शब्दाचा अर्थ 'बेडकाची अंडी' असा होतो, हे मधुसूदनरावांनी पुढची अकरा वर्षे सांगितले नव्हते.

नियतकालिकात छापलेले ते पान बैठकीत चौकटीत लागले. लीलाबाईंनी चष्मा लावून दोन्ही चित्रे ताडून पाहिली आणि म्हणाल्या, "माझं आपलं बुरशीसारखं. हिच्या गळ्यात मात्र मण्यांची माळ." त्यानंतर आठ दिवस त्या मुलाशी बोलल्या नाहीत.

आणि आता रूपा म्हणत होती की दोन्ही एकच. रूपा हिवराळे म्हणजे त्यांच्या प्रयोगशाळेतले परिचर मोतीराम हिवराळे यांची मुलगी. लहानपणी शाळा सुटली की वडिलांबरोबर प्रयोगशाळेत यायची आणि टेबलाखाली बसून पाढे म्हणायची. आता ती डीएनएवरून शेवाळांची नाती जुळवायची. तिनेच हौसेने दोन्ही वाळवलेल्या नमुन्यांचे नखाएवढे तुकडे नेले होते आणि मधुसूदनरावांनी तितक्याच हौसेने दिले होते.

"सर, नियम तुम्हीच शिकवला होता," रूपा चाचरत म्हणाली. "एकाच वनस्पतीची दोन नावं निघाली, तर..."

"जुनं राहतं, नवं जातं," मधुसूदनराव म्हणाले. जुने एकोणऐंशीचे, नवे ब्याऐंशीचे. लीलाबाई जाऊन अठरा वर्षे झाली होती, पण त्यांनी आपले म्हणणे खरे केले होते.

"पण मी एवढ्यावर छापणार नाही हं. तुमचे दोन्ही कागद चौतीस वर्षं वर्तमानपत्राच्या एकाच घडीत होते. एकाचा कण दुसऱ्यावर पडला असेल, असं कोणीही म्हणेल. डीएनए म्हणतो एक, डोळे म्हणतात दोन. दोघांची साक्ष जुळायला पाहिजे. ताजा, जिवंत नमुना मिळाला असता तर निकाल लागला असता. पण या दुष्काळात कुठून मिळणार?"

बुडत्या माणसाला 'असता तर' एवढे शब्द पुष्कळ होतात. ताजा नमुना मिळाला आणि दोन्ही वेगळे निघाले, तर उमाचे नाव राहील! त्यांनी फोन ठेवला आणि लगेच मोतीरामला लावला.

"काय चाललंय गॅलरीत?" उमाताईंनी आतून विचारले.

"काही नाही. रूपा आपली अशीच... संक्रांतीच्या शुभेच्छा."

"चार दिवस आधी?"

"ती शास्त्रज्ञ आहे. वेळेच्या आधीच असते."

बैठकीत उमाताईंनी ती चौकट उतरवून काच पुसायला घेतली होती. दरवर्षी हळदीकुंकवाला आलेल्या बायका त्या पानापाशी थांबायच्या आणि उमाताई सांगायच्या, "हे शेवाळ माझ्या नावाचं आहे. साऱ्या जगात याच नावानं ओळखतात." बायका बोटातल्या अंगठ्या विसरून त्या काळ्या-पांढऱ्या चित्राकडे बघायच्या. काच पुसणाऱ्या बायकोकडे पाहत मधुसूदनराव दारातच उभे राहिले. दुसरे काहीही कोणी परत मागितले असते तरी त्यांनी दिले असते. हे एकच तर त्यांनी तिला दिले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पिशवीत भिंग, चिमटे, बाटल्या आणि दोरी भरून निघाले. "निवृत्त प्राध्यापकांची बैठक आहे," त्यांनी सांगितले.

उमाताईंनी पिशवीतून लोंबणाऱ्या दोरीकडे पाहिले. "ती बैठकीला न्यायची आहे का?" त्यांनी विचारले.

"हो, म्हणजे... तिथे सतरंज्या बांधायच्या असतात."

कोपऱ्यावर मोतीराम स्कूटर घेऊन उभा होता. प्रकरण ऐकून त्याने हेल्मेट काढले, डोके खाजवले आणि विचारले, "सर, मंजी आपल्या आईसाहेबांनी वयनीसाहेबांना खाल्लं का काय?"

"तसं म्हणू नकोस रे."

"नाय, म्या शास्त्रात म्हणलो."

जालना रस्त्याला लागल्यावर मधुसूदनरावांना गावच ओळखू येईना. हाच रस्ता ब्याऐंशीत दोन्ही बाजूंनी झाडांनी मिटलेला असायचा. सिडकोत तेव्हा आखलेले प्लॉट होते, चार-दोन घरे आणि बाकी कुसळे. एका रविवारी ते उमाला एसटीने करमाडला घेऊन गेले होते. ती बारवेच्या तिसऱ्या पायरीवर पाय पाण्यात सोडून बसली होती आणि "थंड किती हो!" म्हणून हसत होती. त्यांनी खाली उतरून बाटली भरली, वर धरली आणि म्हणाले, "ही तू." तिने बाटली उन्हात धरून बराच वेळ पाहिली होती. त्या दिवशी त्यांना आपण जगातले सर्वांत श्रीमंत गृहस्थ आहोत असे वाटले होते. आता झाडांच्या जागी मोटारींची दुकाने होती, उड्डाणपूल होते, शेंद्र्याला कारखान्यांच्या भिंती होत्या, आणि त्यांच्या स्कूटरपुढे पाण्याचे तीन टँकर ठिबकत चालले होते.

"सर, हे टँकरबी करमाडलाच चाललेत," मोतीराम म्हणाला. "बारवेत पाणी असतं तर गेले असते का?"

हा प्रश्न मधुसूदनरावांनी मुद्दाम ऐकला नाही.

बारव जागेवर होती. पाणी नव्हते. तळाशी भेगाळलेला गाळ, बाटल्या, एक फुटकी घागर आणि झऱ्याच्या कपारीत तांब्याभर ओल. मधुसूदनराव दोरी धरून खाली उतरले आणि भिंग डोळ्याला लावून कपारीत डोके घातले. ते वर आले तेव्हा पायऱ्यांवर वीस-पंचवीस माणसे उभी होती. दुष्काळात कोणी विहिरीत डोकावले तर गाव जमतेच, आणि हा माणूस तर भिंग लावून डोकावत होता.

"काय बघतेत साहेब?" एकाने मोतीरामला विचारले.

लाल शेवाळ लाल का नसते हे पुन्हा सांगत बसण्याचा मोतीरामला कंटाळा आला. चाळीस वर्षे त्याने ते ऐकले होते. तो म्हणाला, "झरा बघतेत."

एवढ्यावर भागले असते. पण तेवढ्यात गावातले प्रतिष्ठित गृहस्थ कडुबा आले आणि त्यांनी थेट साहेबांनाच गाठले. "साहेब, किती फुटावर लागंल?"

"काय?"

"पाणी!"

मधुसूदनरावांना खोटे बोलता येत नसे. सतरंजीच्या दोरीवरून ते लक्षात आलेच असेल. त्यांनी वर्गात सांगावे तसे स्वच्छ सांगून टाकले, "हे बघा, मी एक शेवाळ शोधतोय. ते वाहत्या, थंड पाण्याशिवाय जगत नाही. ते इथं सापडलं, तर समजा झरा अजून जिवंत आहे."

बस! पुढच्या पाच मिनिटांत गाव रिकामे झाले आणि पुढच्या अर्ध्या तासात पुन्हा भरले. येताना प्रत्येकाच्या हातात काहीतरी बुळबुळीत होते. कोणी म्हशीच्या हाळाचा तळ खरवडून आणला होता, कोणी टँकरच्या नळाखालची बुरशी, कोणी देवळाच्या पन्हाळीतले काही. मुक्ताबाई नावाच्या एका आजींनी स्टीलच्या डब्यात झाकून आणले होते.

"हे बघा सायेब, माह्या मोरीतलं हाये. लई जुनं हाये. माह्या लग्नापासूनचं."

"पण आजी, ते वाहत्या पाण्यातलं लागतं."

"मंग माही मोरी काय उभी हाये व्हय? वाहतीच हाये की!"

"आधी माझं बघा!" मागून कोणीतरी ओरडले. "त्यांच्या मोरीतलं धरता आन् माझ्या रांजणातलं सोडता, हे नाय चालायचं."

मधुसूदनराव सांगत होते की हे हिरवे शेवाळ आहे, आपल्याला लाल हवे आहे. मग एकाने गंजलेल्या पाइपचे तांबडे खरडून आणले. त्यावर लाल म्हणजे दिसायला लाल नव्हे, असे त्यांनी सांगितले. तेव्हा गावाने एकमेकांकडे पाहिले आणि कडुबा समजुतीच्या स्वरात म्हणाले, "मोठ्या जाणकारांचं असंच असतं. आपन समदं देऊन टाकू, ते घरी निवडतील."

शेवटी बत्तीस डबे, बाटल्या आणि कॅरीबॅगा जमल्या. प्रत्येकावर मालकाचे नाव. कडुबांनी नारळ फोडला, साहेबांच्या कपाळाला कुंकू लावले आणि म्हणाले, "तुम्ही निकाल कळवा. ज्याचं खरं निघंल त्याच्या दारात जेसीबी लावतो." मोतीरामने या गर्दीतून सुटण्यासाठी साहेबांच्या घरचा फोन नंबर देऊन टाकला. परत येताना मधुसूदनरावांनी त्याला तो नंबर आपला न देता चुकीचा द्यायचा होता, असे सुचवले. मोतीराम म्हणाला, "सर, चाळीस वर्षात तुमी मला लेबलावर चुकीचं लिहायला कधी शिकवलं का?"

बत्तीस डबे गॅलरीत कपडे वाळत घालायच्या दांडीखाली चादरीने झाकून ठेवले गेले. कुंकू पुसायचे मात्र राहून गेले.

"बैठकीत कुंकू लावलं?" उमाताईंनी विचारले.

"नवीन पद्धत आहे."

उमाताई आणखी काही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

दोन दिवसांनी रूपा संक्रांतीसाठी घरी आली आणि सकाळीच छोटा सूक्ष्मदर्शक काखोटीला मारून वडिलांबरोबर कस्तुऱ्यांकडे हजर झाली. उमाताई वाणाला आणलेले प्लास्टिकचे मग पुसत होत्या. यंदा पाणी बेताने वापरा हे सांगायला मगच लुटायचे त्यांनी ठरवले होते. तिघे शास्त्रज्ञ गॅलरीत दार लावून बसले. रूपाने एकेक डबा उघडून काचेवर थेंब घेतला. हिरवे. हिरवे. गंज. हिरवे. मुक्ताबाईंच्या डब्यात शेवाळाबरोबर साबणाचा तुकडाही निघाला. बत्तिसाव्या डब्यानंतर रूपाने डोळे चोळले.

"सर, यात एकही लाल नाही. काकूंना सांगून टाका ना."

"हळदीकुंकू होऊन जाऊ दे. मग सांगतो."

"बाबा, तुम्ही तरी सांगा सरांना."

"म्या काय सांगू? म्या तं म्हणतो की पुढच्या संक्रांतीला सांगा."

एवढ्यात आत फोन वाजला. मधुसूदनराव उठेपर्यंत उमाताईंनी उचलला होता. गॅलरीच्या दाराला कान लावून तिघे ऐकू लागले.

"हो, कस्तुऱ्यांचंच घर... कोण कडुबा? ... पाणी शोधणारे साहेब? ... बत्तीस डबे? ... अच्छा. ... लाल शेवाळ. ... नाही नाही, अजून निकाल लागला नाही. लागला की मीच कळवते."

फोन ठेवल्याचा आवाज आला. मग गॅलरीचे दार उघडले. उमाताईंनी चादरीकडे, डब्यांकडे, रूपाकडे आणि शेवटी नवऱ्याकडे पाहिले.

"सतरंज्या बांधून झाल्या?"

मग मात्र मधुसूदनरावांनी सगळे सांगितले. खाली मान घालून, पानावरच्या तारखांसकट सांगितले. "उमा, तुझं नाव जातंय गं," ते म्हणाले. "आईचं राहतंय. मी नमुना शोधायला गेलो होतो. तुझं राहावं म्हणून."

उमाताई स्वयंपाकघरात गेल्या. आत काहीतरी सरकवल्याचा आवाज आला. मोतीराम हळूच म्हणाला, "लाटणं आणायला गेल्या का?"

उमाताई परत आल्या त्या पितळेची परात घेऊन. परातीत दोन बोटे पाणी होते आणि मध्ये एक काळा दगड होता. तो स्वयंपाकघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात माठाच्या तिवईखाली असायचा. माठ पाझरला की थेंब परातीत टपटप वाजायचे आणि लीलाबाईंना झोप लागायची नाही, म्हणून नव्या सुनेने ब्याऐंशी साली थेंबाखाली तो दगड ठेवला होता. आवाज थांबला आणि दगड तिथेच राहिला. घरातले पाणी त्याच्यावर चौतीस वर्षे थेंबाथेंबाने वाहत होते. मोतीराम खाली वाकला आणि ओरडला, "आरं तिच्यायला! सर, ह्यो तं बारवेतला! म्याच आणला व्हता नमुन्यासंगं!"

दगडावर मखमलीसारखा बारीक थर होता. आणि त्या थरातून, अगदी कडेला, दोन-तीन इंच लांब बुळबुळीत धागे परातीच्या पाण्यात हलत होते.

रूपाने चिमट्याने कण उचलला आणि काचेवर ठेवला. तिने सूक्ष्मदर्शकात पाहिले, काच फिरवून पुन्हा पाहिले. मग तिने बाजूला होऊन सरांना जागा दिली. मधुसूदनरावांनी पाहिले. तळाशी बारीक फांद्यांचे झुडूप होते, ते लीलाबाईंचे. आणि त्याच झुडपाच्या फांदीतून, मध्ये कुठेही सांधा नसलेला, मण्यांचा धागा निघाला होता, तो उमाताईंचा. दोन जाती नव्हत्याच. एकाच शेवाळाची दोन रूपे होती. एक बारमाही राहणारे आणि दुसरे थंडीत त्यातूनच उगवणारे.

"दर संक्रांतीला सासूबाईंच्या मखमलीवर माझे मणी येतात," उमाताई म्हणाल्या. "चैत्रात जातात. मखमल राहते."

"तुला... कधीपासून माहीत आहे?"

उमाताईंनी माळ्यावरून जुन्या कॅलेंडरांची गुंडाळी काढली. नळाला पाणी आल्याच्या खुणा, गॅस लावल्याच्या तारखा, आणि दरवर्षी जानेवारीच्या एखाद्या चौकोनात शाईने बारीक लिहिलेले 'मणी आले'. १९८४ पासून. एकही वर्ष चुकलेले नव्हते. ज्या वर्षी नळाला आठ-आठ दिवस पाणी नव्हते त्या वर्षीही आधी माठ भरलेला होता, मग माणसे प्यायली होती.

"चौऱ्याऐंशीतच तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही पेपर तपासत होता. मान वर न करता म्हणालात, 'अगं, साधं हिरवं शेवाळ असेल, तारेच्या घासणीनं घासून टाक.'"

"मी असं म्हणणार नाही."

"म्हणले व्हते सर," मोतीराम म्हणाला. "म्या इथंच व्हतो. च्या पीत व्हतो."

"मग पुन्हा का नाही सांगितलंस?" मधुसूदनरावांनी कळवळून विचारले.

उमाताई परातीपाशी बसल्या. "सांगणारच होते. पण तुमचे सगळे लेख सुवाच्य अक्षरात मीच उतरवून देत होते ना? त्यातच तो नियम वाचला. जुनं राहतं, नवं जातं. सासूबाईंना वाचून दाखवला. मला वाटलं, त्यांना आनंद होईल. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, 'म्हणजे माझं राहील आणि तुझं जाईल? मग नको सांगूस त्याला. दोन आहेत तर दोन असू देत. तुला दुसरं काय दिलंय त्यानं?'"

उमाताईंनी ओंजळीने दगडावर थोडे पाणी सोडले.

"शेवटी शेवटी त्यांना दिसत नव्हतं. पण थंडी पडली की माठाजवळ पाट घेऊन बसायच्या आणि विचारायच्या, 'आले का गं तुझे मणी?' चौदा वर्षं त्यांनी माझं नाव सांभाळलं. आता मी त्यांचं सांभाळते. राहू दे त्यांचंच. मला नाव गेल्याचं काही नाही. तुम्ही मला सांगायला भ्यालात, याचा राग आलाय. तो आठ दिवस राहील."

मधुसूदनरावांना रडू येत होते आणि हसूही. आठ दिवसांचा अबोला आईकडून बायकोकडे आला होता, तोही मध्ये सांधा नसलेला. त्यांनी चष्मा पुसायचे निमित्त केले.

रूपाने मात्र कॅलेंडरे मांडीवर घेतली होती. ती वयाने लहान, पण हिशेबी बाई होती. "काकू, माझा डीएनए एकटा लंगडा होता. तुमचा दगड आणि ही बत्तीस वर्षांची नोंद नसती, तर हे कोणी मानलं नसतं. हा लेख तुमचा आणि माझा. नाव बदलणाऱ्या आपण दोघी."

"मी? मी तर बी. ए. आहे, तेही मराठी घेऊन."

"शेवाळाला चालतं," रूपा म्हणाली.

मधुसूदनराव काहीतरी आठवून एकदम ताठ बसले. घराणे बदलले की आधीच्या लेखकाचे नाव कुठे जाते, हा नियमही त्यांनीच शिकवला होता. पण तो या घरात लागू होईल असे त्यांना तीस वर्षांत वाटले नव्हते.

पुढच्या संक्रांतीला बैठकीत नवी चौकट लागली. मधल्या काळात बरेच काही झाले होते. कडुबांना उमाताईंनी स्वतः फोन करून निकाल कळवला होता: गावात लाल शेवाळ नाही, पण गाळ पुष्कळ आहे, तो काढा. गावाने चिडून का होईना उन्हाळाभर बारव उपसली. त्या साली पाऊस बरा झाला आणि बारवेला पाणी आले. कडुबा अजून सगळ्यांना सांगतात की साहेबांनी भिंगातून ते आधीच पाहिले होते. त्या पाण्यात उमाताईंनी दगडाचा एक टवका नेऊन सोडला आणि तिसऱ्या पायरीवर बसून पाय भिजवले.

हळदीकुंकवाला आलेल्या बायका चौकटीपुढे थांबल्या. शेजारच्या स्वरदाने मोठ्याने वाचले, "बॅट्राकोस्पर्मम लीलाए, कंसात कस्तुरे, कंस पूर्ण, उ. कस्तुरे व हिवराळे. काकू, हे काय आहे?"

"लीलाए म्हणजे आमच्या सासूबाई. उ. कस्तुरे मी. हिवराळे म्हणजे रूपा."

"म्या नाय का?" दारातून मोतीरामने खात्री करून घेतली. वाणाच्या पिशव्या उचलायला तो आला होता.

"आणि कंसातले कस्तुरे कोण?"

"ते आमचे हे," उमाताई तिळगूळ देत म्हणाल्या. "नियमच आहे तसा. ज्यानं आधी चुकीच्या घराण्यात घातलं, त्याला कंसात ठेवायचं. ज्यांनी बरोबर जागी आणलं, त्यांनी बाहेर उभं राहायचं."

बायकांनी त्या नावाकडे नव्याने पाहिले. पुढे सासू, मागे सून, आणि मधे दोन्हीकडून बंद केलेला नवरा. एकीने म्हटले, "आमच्याकडे पण असंच आहे, फक्त छापलेलं नाही." सगळ्या हसल्या.

मधुसूदनराव हे सारे स्वयंपाकघरातून ऐकत होते. माठाखालच्या परातीपाशी ते उकिडवे बसले होते. वाटीभर पाणी त्यांनी दगडावर हळूच सोडले आणि भिंग लावून पाहिले. कडेच्या मखमलीतून पहिला धागा निघाला होता. त्यांनी कॅलेंडर काढून जानेवारीच्या चौकोनात 'मणी आले' असे लिहिले. अक्षर उमाताईंसारखे सुबक आले नाही म्हणून खोडले आणि पुन्हा लिहिले. आईला सांगावे असे त्यांना फार वाटले.

तेवढ्यात मोरीत नळ फुरफुरला. पाचव्या दिवसाचे पाणी आले होते. बैठकीतून, साऱ्या बायकांच्या देखत, उमाताईंची हाक आली:

"अहो, कंसातून बाहेर या! आधी माठ भरा!"